जंतू मरावेत, पेशी तगाव्यात: इम्प्लांटसाठी जंतुरोधक पृष्ठभाग घडवताना

पहिली कोरी प्लेट पाहिली की माणूस हरखून जातो. आदल्या दिवशी लेप दिलेल्या चकतीवरचे जंतू अगारवर पसरलेले असतात. सकाळी इनक्युबेटर उघडावा तर एकही वसाहत नाही, आणि शेजारच्या साध्या टायटॅनियमच्या प्लेटवर मात्र ठिपक्यांची नुसती दाटी. लगेच फोटो निघतात, गाईडला जातात. मीही पाठवले होते. त्या फोटोंची पुढे काय गत झाली ते जंतूंच्या चाचणीपाशी सांगतो.

जंतू मारणं ही या कामातली सोपी बाजू आहे. ते ब्लीचलाही जमतं. जंतूंना मज्जाव आणि शरीराच्या पेशींना थारा, ही दोन्ही कामं एकाच पृष्ठभागाकडून करून घेणं अवघड. बहुतेक विद्यार्थी आधी लेप बनवतात, मग जंतूंवर तपासतात आणि अगदी शेवटी पेशींकडे वळतात. तिथे पेशी मरतात आणि दीड वर्ष पाण्यात जातं. म्हणून इथे क्रम बदलला आहे. किती मात्रेला जंतू मरतात आणि किती मात्रेपर्यंत पेशी तगतात, या दोन आकड्यांमधला सुरक्षित पट्टा आधी शोधायचा. लेप त्यानंतर.

आत परकी वस्तू गेली की काय बिघडतं

१९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी माणसांच्या त्वचेवर केलेला प्रयोग आजही प्रत्येकाने डोक्यात ठेवावा. नुसते स्टॅफिलोकोकस टोचले तर पू धरायला काही दशलक्ष जंतू लागत. तेच जंतू रेशमी टाक्याच्या धाग्यासोबत गेले की शंभराच्या आसपास पुरत. एका धाग्याने शरीराची ताकद दहा हजार पटींहून जास्त घटवली.

इम्प्लांट रक्ताला लागताच काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर चढतो. फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन यांना धरून बसण्यासाठी स्टॅफिलोकोकसकडे खास हुक असतात. आसपासच्या पांढऱ्या पेशी त्या परक्या वस्तूशी झटून थकलेल्या असतात. जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. ही बायोफिल्म. तिच्या आत बसलेल्या जंतूंना मारायला एरवीच्या हजार पटींपर्यंत अँटिबायोटिक लागू शकतं, आणि तेवढं रक्तातून पोहोचवणं म्हणजे रोग्यालाच विष देणं. मग शेवटी इम्प्लांट काढावं लागतं.

ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. आधी पेशी पोहोचल्या तर जागा त्यांची, आधी जंतू पोहोचले तर त्यांची. उपमा थोडी ढोबळ आहे, कारण पेशींखालीही जंतू दडून राहतात, पण आराखडा आखायला ती पुरते. जंतूंना शर्यतीत मागे ठेवताना पेशींचे पाय बांधायचे नाहीत, एवढंच आपलं काम.

पहिली पायरी: एका पानावर लिहून काढा

कोणतंही रसायन मागवण्याआधी एक पान लिहा. इम्प्लांट कुठे बसणार, किती दिवस राहणार, शेजारी कोणतं ऊतक असणार आणि तिथे कोणते जंतू येतात.

हे पान टाळता येत नाही, कारण उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातात. खुब्याच्या सांध्याच्या दांड्यावर हाड घट्ट चिकटायला हवं. लघवीच्या कॅथेटरवर काहीच चिकटता कामा नये, ना जंतू, ना पेशी, ना क्षार. मोडलेलं हाड जुळेपर्यंत ठेवायचा खिळा नंतर काढायचा असतो, त्यामुळे त्यावर हाड फार पक्कं बसलं तर सर्जनच वैतागतो. दाताच्या इम्प्लांटचा खालचा भाग हाडात आणि मान हिरडीत. एकाच स्क्रूच्या दोन टोकांना दोन वेगळे पृष्ठभाग लागतात.

जंतूंचंही तसंच. हाडातल्या इम्प्लांटवर स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि एपिडर्मिडिस यांचं राज्य असतं. खांद्याच्या सांध्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस सापडतो. तो सावकाश वाढतो, त्यामुळे दोन दिवसांत प्लेट टाकून दिली तर दिसतच नाही. कॅथेटरवर ई. कोलाय, प्रोटियस, स्यूडोमोनास. तुमचा लेप सगळ्यांवर चालेल असं गृहीत धरू नका.

मुदतीचंही ठरवा. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरलेले जंतू रोखायचे असतील तर पहिले काही तास आणि त्यानंतरचे थोडे आठवडे महत्त्वाचे. दोन वर्षांनी रक्तातून येणाऱ्या जंतूंना थोपवायचं असेल, तर पंधरा दिवसांत रिकामा होणारा लेप निरुपयोगी.

दुसरी पायरी: मूळ पदार्थ

इथे फार रेंगाळू नका. नवा मिश्रधातू शोधायचा मोह होतो, पण नवा धातू आणि नवा लेप एकदम घेतला की बिघाड कुठला हेच कळत नाही. दशकानुदशकं शरीरात वापरलेला पदार्थ घ्या. टायटॅनियम-६ ॲल्युमिनियम-४ व्हॅनेडियम, ३१६एल स्टेनलेस स्टील, कोबाल्ट-क्रोम, पीक नावाचं पॉलिमर किंवा वैद्यकीय सिलिकोन. भार पेलणाऱ्या जागी ताठपणा पाहा. हाडाच्या कठीण भागाचा यंग गुणांक साधारण १० ते ३० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा ११० च्या आसपास, स्टील आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० आणि त्यावर. इम्प्लांट फार ताठ असलं तर सगळा भार तेच उचलतं आणि शेजारचं हाड बसून बसून झिजतं. पीक ३ ते ४ गिगापास्कलवर, म्हणजे मऊ, पण त्यावर हाड नीट चिकटत नाही.

तिसरी पायरी: जंतूंशी कसं वागायचं

मार्ग ढोबळमानाने तीन. चिकटूच न देणं, शिवताच मारणं, आणि औषध सोडत राहणं.

चिकटू न देण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे किंवा झ्विटरआयनिक (धन आणि ऋण दोन्ही प्रभार बाळगणाऱ्या) पॉलिमरचे केस पृष्ठभागावर उगवतात. ते पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना बसू देत नाहीत. कॅथेटरला हे छान, पण हाडात घातलं तर हाडाच्या पेशीही घसरतात. मग आरजीडी हा छोटा पेप्टाइड जोडून पेशींपुरतं दार उघडावं लागतं. करता येतं, पण कारागिरी वाढते.

शिवताच मारणाऱ्यांत चतुर्थक अमोनियमच्या लांब साखळ्या, कायटोसान, पृष्ठभागाला बांधलेले पेप्टाइड आणि नॅनोखांब येतात. एका सिकाडा कीटकाच्या पंखांवरचे सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे खांब स्यूडोमोनासचं कवच फाडतात, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं आणि नक्कल करणाऱ्यांची रीघ लागली. पण जाड भिंतीच्या स्टॅफिलोकोकसला त्या पंखाचं फारसं काही वाटत नाही, आणि हाडाच्या इम्प्लांटवर मुख्य शत्रू तोच. शिवाय या मार्गातल्या सगळ्यांना एक दुखणं असतं. वर प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंचे सांगाडे साचले की खालचं शस्त्र झाकलं जातं.

औषध सोडण्याचा मार्ग सर्वांत मुरलेला. बुखहोल्ट्झ आणि एंगेलब्रेख्ट यांनी १९७० मध्ये हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळलं, आणि ते सिमेंट आजही वापरात आहे. चांदी, तांबं, जस्त, आयोडीन, क्लोरहेक्सिडीन यांचेही लेप आहेत. यातली मेख शेपटीत असते. पहिल्या दिवशी भरपूर औषध सुटतं, मग आठवडेच्या आठवडे थोडं थोडं झिरपतं. एवढ्याशा मात्रेत जंतू मरत नाहीत, तालीम करतात, प्रतिकार शिकतात. म्हणून औषध सुटण्याचा आलेख काढताना सुरुवातीची उसळी सगळेच पाहतात, तुम्ही शेपूटही पाहा. मारक मात्रेखाली गेल्यावर सोडणं चटकन थांबावं, हे मी चांगल्या लेपाचं लक्षण मानतो.

माझा कल मिश्र मार्गाकडे आहे. पहिल्या आठवड्यापुरतं औषध, आणि ते संपल्यावर पेशींना आवडेल असा पृष्ठभाग खाली उरलेला.

चौथी पायरी: सुरक्षित पट्टा शोधा, लेपाआधी

लेप न करता, नुसतं औषध द्रवात घेऊन, दोन समांतर प्रयोग करायचे.

पहिला जंतूंवर. ९६ खणांच्या प्लेटमध्ये औषधाचं दुपटीने पातळ होत जाणारं द्रावण, प्रत्येक खणात मिलिलिटरला सुमारे पाच लाख जंतू, १६ ते २० तास. जिथे गढूळपणा दिसत नाही ती सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. दुसरा प्रयोग पेशींवर, त्याच मात्रांच्या मालिकेत, २४ आणि ७२ तास.

लोक घसरतात ते माध्यमावर. जंतूंचा प्रयोग पातळ ब्रॉथमध्ये होतो, पेशींचा १० टक्के सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) असलेल्या माध्यमात. चांदीच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. क्लोराइड भेटलं की चांदीचा सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतो, आणि सीरममधली प्रथिनं उरलेली चांदी गिळतात. त्यामुळे ब्रॉथमध्ये कमी मात्रेत जंतू मरतात, सीरममध्ये जास्त मात्रेतही पेशी जगतात, आणि कागदावर पट्टा ऐसपैस दिसतो. प्रत्यक्षात तो नसतोच. दोन्ही प्रयोग एकाच माध्यमात करा, निदान एकदा तरी. बऱ्याचदा पट्टा दोन-चार पटींवर येतो, आणि कधी उलटाच निघतो, म्हणजे जंतूंआधी पेशी मरतात. तसं झालं तर पदार्थ बदला. दोन आठवडे गेले, दीड वर्ष वाचलं.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्याच आठवड्यात करून घेतो. समजा लेपातून पहिल्या दिवशी दर चौरस सेंटिमीटरला २ मायक्रोग्रॅम चांदी सुटते. १५ मिमी व्यासाच्या चकतीच्या एका बाजूचं क्षेत्रफळ १.७७ चौ. सेंमी. ती १ मिलि माध्यमात ठेवली तर मात्रा झाली मिलिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम. तीच चकती हाडाला लागून बसली आणि मध्ये ०.१ मिमी द्रवाचा थर असला, तर दर चौ. सेंमीवर द्रव फक्त ०.०१ मिलि. म्हणजे मात्रा मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम! द्रव वाहतो, बदलतो, त्यामुळे खरी मात्रा यापेक्षा कमी असणार. तरी लेप तोच, चांदी तेवढीच, आणि शेजारच्या पेशीला दिसणारी मात्रा पन्नासेक पटींनी वेगळी असू शकते. प्लेटमधल्या १ मिलिवर विसंबून केलेला सुरक्षिततेचा दावा म्हणूनच कच्चा.

पाचवी पायरी: लेप देणं

महागडी यंत्रं नसतानाही करता येईल असा लेप सांगतो: पॉलिडोपामाइन आणि त्यावर चांदी. शिंपल्यांच्या चिकटपणावरून सुचलेली ही पद्धत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जवळपास कोणत्याही पदार्थावर चालते.

चकत्या ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्याखाली घासा. मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ॲसिटोन, इथेनॉल, शुद्ध पाणी, प्रत्येकी १५ मिनिटं. इथे घाई केली की पुढचं सगळं सोलून निघतं. स्वच्छ चकतीवर पाणी सपाट पसरतं. थेंब गोल उभा राहिला तर परत धुवा.

१०० मिलि पाण्यात ०.१२१ ग्रॅम ट्रिस म्हणजे १० मिलिमोलर. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८.५ वर आणा. त्यात २०० मिलिग्रॅम डोपामाइन हायड्रोक्लोराइड टाका आणि लगेच चकत्या सोडा. भांडं झाकू नका, हवेतला ऑक्सिजन लागतो. हळू हलवत ठेवा. द्रव आधी फिकट गुलाबीसर, मग तपकिरी, रात्रीतून काळपट होतो. चकत्या तळाशी आडव्या टाकल्या तर वरून गुठळ्या पडून लेप खडबडीत होतो. दोऱ्याने उभ्या टांगा. २४ तासांनी काढा. पृष्ठभागावर सुमारे ५० नॅनोमीटरचा थर असतो.

यानंतर शुद्ध पाण्याने धुणं, आणि तेही मनापासून. ट्रिसमध्ये आम्लाबरोबर क्लोराइड आलेलं आहे. ते चकतीवर राहिलं आणि तुम्ही ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली, तर पांढरट ढग दिसेल. ती चांदी पृष्ठभागावर न बसता सिल्व्हर क्लोराइड होऊन वाया गेली. नीट धुतलेल्या चकतीवर मात्र पॉलिडोपामाइनमधले कॅटेकॉल गट चांदीच्या आयनांचं धातूत रूपांतर करतात आणि नॅनोकण जागच्या जागी उगवतात. द्रावणाची तीव्रता ०.१ पासून १० मिलिमोलरपर्यंत पायऱ्यांनी बदला, वेळ एकच ठेवा, अंधारात ठेवा. हातमोजे घाला, नाहीतर बोटांवरचे काळे डाग आठवडाभर तुमची चुगली करतील.

तुलनेसाठी तीन नमुने हवेतच. उघडं टायटॅनियम, नुसतं पॉलिडोपामाइन, आणि मुद्दाम जास्त चांदी चढवलेली चकती. मधला नमुना गाळला तर यश चांदीचं की खालच्या थराचं हे सांगता येणार नाही.

टायटॅनियमवर नॅनोनलिका उगवणं हा दुसरा लोकप्रिय मार्ग. ०.५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात २० व्होल्टला सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीच्या नळ्या मिळतात, ४५० अंशांवर भाजल्या की त्या ॲनाटेज रूपात जातात, आणि आत औषध भरता येतं. पण हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडू नका.

मोजमापाचं थोडक्यात: रूप एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, वरच्या १० नॅनोमीटरमधलं रसायन एक्सपीएसवर, पाणी किती पसरतं ते स्पर्शकोनावरून. सुटलेली चांदी आयसीपी-एमएसवर मोजा. ६ तास, मग १, ३, ७, १४ आणि २८ दिवस, दरवेळी माध्यम बदलून. माध्यम न बदलता मोजलं तर द्रावण भरून गेलं म्हणून सुटणं थांबतं, आणि लेप टिकाऊ आहे असा भास होतो.

सहावी पायरी: निर्जंतुक करून मगच तपासा

इम्प्लांट निर्जंतुक करूनच शरीरात जातं, त्यामुळे चाचणीही त्याच अवस्थेत व्हायला हवी. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत बहुतेक पेप्टाइड आणि प्रथिनं कामातून जातात. गॅमा किरणांची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे, तिने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात किंवा जुळतात. इथिलीन ऑक्साइड सौम्य, पण स्वतः विषारी, लेपात अडकून राहिला तर पेशी मरतील आणि खापर चांदीवर फुटेल. इथेनॉलमध्ये बुडवून यूव्हीखाली ठेवणं हे प्रयोगशाळेतलं काम चालवणं झालं, त्यावरून उत्पादनाचा दावा करता येत नाही.

सातवी पायरी: जंतूंची चाचणी

अगारवरच्या चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ दिसायला देखणं. पण ते फक्त औषध बाहेर झिरपतं का एवढंच सांगतं. शिवताच मारणाऱ्या पृष्ठभागाला वर्तुळ येत नाही, म्हणून तो नापास ठरत नाही.

पहिली प्रमाणित चाचणी आयएसओ २२१९६. ५० मिमी चौरस नमुना, त्यावर जंतूंचा ०.४ मिलि थेंब, वर ४० मिमीची पातळ फिल्म, ३५ अंशांवर २४ तास, मग उरलेले जंतू मोजायचे. तुलनेसाठी बरी आहे. पण यातलं माध्यम ५०० पट पातळ केलेला ब्रॉथ, म्हणजे जवळपास पाणीच. रक्ताच्या वाऱ्यालाही न उभं राहिलेलं. म्हणून हीच चाचणी पुन्हा करा, नमुना आधी तासभर सीरममध्ये बुडवून. निम्मे लेप इथेच गळपटतात, असा माझा अनुभव आहे.

आता ते फोटो. माझ्या सगळ्या प्लेट कोऱ्या येत होत्या, दोन महिने. एका ज्येष्ठ सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, “न्यूट्रलायझर कोणता वापरतोस?” म्हणजे धुतल्यावर औषधाचा असर थांबवणारं रसायन. वापरतच नव्हतो. चकतीवरून जंतू धुऊन काढताना चांदीही त्या द्रवात येत होती आणि जंतूंना चकतीवर नव्हे, तर नंतर नळीत आणि प्लेटवर मारत होती. धुण्याच्या द्रवात सोडियम थायोसल्फेट आणि थायोग्लायकोलेट घातलं, आणि प्लेटांवर वसाहती उगवल्या. लेप चालत होता, पण फोटोत दिसत होता तितका मुळीच नाही. तेव्हापासून दोन पडताळण्या मी सोडत नाही. न्यूट्रलायझर स्वतः जंतूंना मारत नाही ना, आणि तो औषधाला खरंच गप्प करतो ना. दोन्ही दाखवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

कोरी प्लेट म्हणजे शून्य नव्हे. १ मिलिमधले ०.१ मिलि पसरले असतील तर एक वसाहत म्हणजे दहा जंतू, आणि कोरी प्लेट म्हणजे ‘दहापेक्षा कमी’. वहीत तसंच लिहा. मोजायला ३० ते ३०० वसाहतींची प्लेट निवडा.

टक्क्यांना तर अजिबात भुलू नका. ‘९९ टक्के जंतू मेले’ ऐकायला भारी वाटतं. दहा लाखांतले ९९ टक्के मेले तर दहा हजार उरले, आणि रेशमी धाग्यासोबत शंभर पुरत होते. लॉगमध्ये बोला. दर लॉगला जंतू दहाव्या हिश्श्यावर येतात, म्हणून ९९ टक्के म्हणजे २ लॉग. मी चर्चा ३ च्या पुढे सुरू करतो.

यानंतर बायोफिल्म. एपिडर्मिडिसचा एटीसीसी ३५९८४ हा वाण घट्ट बायोफिल्म करतो, तो घ्या. वाहतं माध्यम असलेला सीडीसी रिॲक्टर असेल तर उत्तमच, नसेल तर २४ खणांची प्लेट आणि रोज बदललेलं माध्यम. जंतू सुटे करायला हलकं सोनिकेशन करा, पण आधी त्याच वेळेचं सोनिकेशन नुसत्या जंतूंच्या द्रावणाला देऊन मोजा. जास्त झालं तर तेच जंतू मारतं. प्रयोगशाळेतल्या वाणांबरोबर रोग्यांमधून आलेले दोन-तीन वाणही ठेवा, ते हट्टी असतात.

आणि एकाच बॅचच्या तीन चकत्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या जंतूंसह, नव्या बॅचवर केलेत तर ते तीन.

आठवी पायरी: पेशी

डेव्हिड विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येनुसार जैवसुसंगत म्हणजे विशिष्ट कामात, शरीराकडून योग्य प्रतिसाद मिळवत, आपलं काम करू शकणारा पदार्थ. म्हणजे पदार्थ आपला आपण जैवसुसंगत नसतो, त्या जागी आणि त्या कामापुरता असतो. याचं सर्वांत कडवट उदाहरण हृदयाच्या झडपेचं. कृत्रिम झडपेच्या शिवायच्या कापडी कड्याला संसर्ग रोखण्यासाठी चांदीचा लेप दिला गेला. वापरात असं दिसलं की झडपेच्या कडेने रक्त गळण्याचं प्रमाण वाढलं आहे, आणि जानेवारी २००० मध्ये ती झडप बाजारातून मागे घेतली गेली. त्या कापडात ऊतक वाढून झडप पक्की बसायला हवी होती, आणि चांदीने नेमका तिथेच खो घातला असावा. जिथे ऊतक वाढणं हाच उपचार आहे, तिथे ‘पेशी मेल्या नाहीत’ एवढं पुरत नाही.

तरी सुरुवात तिथूनच. आयएसओ १०९९३-५ नुसार एल९२९ या उंदराच्या पेशींवर अर्काची चाचणी. जिवंतपणा ३० टक्क्यांहून जास्त घटला तर पदार्थ पेशींना विषारी मानतात. अर्क किती क्षेत्रफळाला किती द्रव घेऊन काढायचा ते भाग १२ सांगतो: अर्धा मिमीपेक्षा पातळ नमुन्याला मिलिलिटरमागे ६ चौ. सेंमी, जाड साच्यातल्या तुकड्यांना ३. मघाचा हिशेब आठवा, म्हणजे हे गुणोत्तर मनाला येईल तसं का घेता येत नाही ते कळेल. एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रंगद्रव्य) वापरत असाल तर पेशी नसलेल्या खणात लेप आणि एमटीटी ठेवून पाहा. चांदीचे कण आणि पॉलिडोपामाइनसारखे क्षपणक थर स्वतःच रंग आणू शकतात, आणि पेशी मेलेल्या असूनही जांभळा रंग दिसतो. शंका आली तर एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सुटणारं विकर) आणि जिवंत-मृत रंगकाम दोन्ही करा.

मग खऱ्या शेजाऱ्यांकडे वळा. हाडासाठी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी: अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर ७ आणि १४ दिवसांनी, कॅल्शियमचे साठे २१ दिवसांनी ॲलिझरिन रेडने. हिरडीसाठी फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतक विणणाऱ्या पेशी. रक्ताला लागणाऱ्या वस्तूसाठी लाल पेशी फुटतात का ते पाहा, ५ टक्क्यांच्या वर गेलं तर थांबा. आणि मॅक्रोफेज, म्हणजे परकं ते गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, विसरू नका, सूज वाढणार की शमणार हे त्यांच्या हाती असतं.

यानंतरची चाचणी कोणत्याही सक्तीच्या यादीत नसते, तरी माझ्या मते सर्वांत बोलकी: दोघांना एकाच चकतीवर सोडा. आधी चौ. सेंमीला काहीशे जंतू, तासाभराने पेशी, माध्यम शक्यतो वाहतं. स्थिर माध्यमात दिवसभरात जंतू माजतात, आम्ल सोडतात आणि पेशी पृष्ठभागामुळे नव्हे, तर त्या आम्लाने मरतात. म्हणून जंतू कमी घ्या आणि तासातासाला पाहा. उघड्या टायटॅनियमवर पेशी आक्रसून सुटू लागतात. तुमच्या लेपावर त्या पसरलेल्या, पाय रोवून बसलेल्या दिसल्या, तर तो फोटो गाईडला बिनधास्त पाठवा.

नववी पायरी: स्क्रू पिळून पाहा

सपाट चकतीवरचा लेप आणि स्क्रूच्या आट्यांवरचा लेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा स्क्रू घ्या, लेप द्या, हाडासारख्या पॉलियुरेथेन फोममध्ये नेहमीच्या जोराने पिळा, परत काढा आणि आट्यांची टोकं एसईएमखाली पाहा. बहुतेकदा टोकं उघडी पडलेली असतात आणि लेपाचे पापुद्रे फोममध्ये. हे पापुद्रे उद्या मॅक्रोफेज खाणार. अशा वेळी लेप आट्यांच्या खोबणीत बसेल असा बदला, किंवा पातळ करा. जाड लेप जास्त चांगला, हा समज इथे उतरतो.

दहावी पायरी: प्राणी आणि कागद

इथवर टिकलेला एखादाच लेप प्राण्यांपर्यंत न्यावा. नैतिक समितीची परवानगी, प्राण्यांची संख्या सांख्यिकीने आधी ठरवलेली, आणि दोन वेगळे गट: संसर्ग नसताना हाड कसं धरतं, आणि मोजून जंतू सोडल्यावर काय होतं. दुसरंच करून पहिलं टाळणारे खूप. झडपेची गोष्ट त्यांनी परत वाचावी.

कागदपत्रांचा विचार मात्र अगदी पहिल्या पानापासून हवा. आयएसओ १०९९३-१ प्रमाणे कोणत्या चाचण्या लागतील ते स्पर्शाचं ऊतक आणि मुदत यांवरून ठरतं. धोक्यांची नोंद आयएसओ १४९७१ नुसार, गुणवत्ता आयएसओ १३४८५ नुसार. लेपात औषध म्हणून गणलं जाणारं द्रव्य असलं की वस्तू एकदम वरच्या वर्गात जाते. युरोपच्या २०१७/७४५ नियमावलीत नियम १४ अशा वस्तूंना तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात टाकतो. अँटिबायोटिक घ्यायचं की चांदी की नुसता नॅनोपोत, हा निर्णय त्यामुळे रसायनाचा असतो तितकाच मंजुरीला लागणाऱ्या वर्षांचाही असतो.

आणि प्रत्येक बॅचच्या दहा चकत्या शेवटच्या वेष्टनात, निर्जंतुक करून, कपाटात ठेवून द्या. वेष्टनावर तारीख आणि बॅच. सहा महिन्यांनी पाच उघडा, वर्षाने उरलेल्या पाच, आणि सातव्या व आठव्या पायरीतल्या पहिल्या चाचण्या त्यांच्यावर पुन्हा करा. चांदी काळवंडते, पेप्टाइड तुटतात, पॉलिमर ओलावा धरतात. सर्जनच्या हाती इम्प्लांट येतं ते कपाटातून, तुमच्या बीकरमधून नव्हे.